गलबला

जालन्याच्या माणसाला आवाजाचे भय घालू नये. आमचे गाव मुळातच मोठ्याने बोलते. मोंढ्यातला लिलाव, हमालांच्या हाका, गांधी चमनकडून येणारे भोंगे आणि औद्योगिक वसाहतीत अहोरात्र धडधडणारे पोलादाचे कारखाने! ‘जालना, सोन्याचा पालना’ ही म्हण ज्याने केली, त्याने त्या पाळण्यातल्या बाळाला झोप कशी लागायची याचा विचार केलेला दिसत नाही. माझा बी.ए.चा सारा अभ्यास ह्या गलबल्यातच झाला. घराला लागून पिठाची गिरणी होती. ती बंद पडली की मला वाचता येईनासे होई.

म्हणूनच, मासिकासाठी परदेशातले अनुभव लिहून पाठव असे सरांनी कळवले, तेव्हा थोडी पंचाईत झाली. परदेश म्हटला की बर्फ, स्वच्छ रस्ते आणि शिस्त यांवर लिहायचे असते. मला लिहावेसे वाटते ते पोलंडमधल्या माझ्या कचेरीतल्या गोंगाटाविषयी.

पुण्यात काही वर्षे हिशेबनिसाचे काम केल्यावर मी क्राकुफ शहरात आलो. अनेक देशांतल्या कंपन्यांची हिशेबाची कामे ह्या शहरात चालतात. आमचा दिवाणखाना लांबच लांब, मध्ये ना भिंत ना पडदा, आणि त्यात साठएक माणसे. गोरी माणसे हळू आवाजात बोलतात अशी माझी समजूत होती. ट्रॅममध्ये ती खरी ठरे. सगळे कसे देवळात बसल्यासारखे गप्प! पण तीच माणसे कचेरीत आली की त्यांना कंठ फुटे. ह्या टोकाचा त्या टोकाला हाका मारी. फोनवर भांडण चालले आहे असे वाटावे, आणि चौकशी केली तर कळावे, की समोरच्याला सुट्टीच्या शुभेच्छा चालल्या होत्या. त्यातच कोणाचा तरी नामदिन निघे. तिकडे प्रत्येक नावाला पंचांगात स्वतःचा दिवस असतो. ज्याचा दिवस, तो केक आणतो आणि बाकीचे ‘शंभर वर्षे’ अशा नावाचे गाणे तारस्वरात म्हणतात. आपल्या ‘शतायुषी भव’चेच हे भावंड. ‘शंभर’ला त्यांचा शब्दही ‘स्तो’, म्हणजे आपल्या ‘शत’चा सख्खा भाऊ. पण महिनाअखेरीचा ताळेबंद पुढ्यात असताना भाषाशास्त्र सुचत नाही.

गिरणीशेजारी वाढलेल्या माणसाला याचा त्रास का व्हावा? मी पुष्कळ विचार केला. मोंढ्यातल्या गलबल्यात माझे काय आणि परक्याचे काय, हे कानाला आपोआप कळे. शंभर हाकांतून आईची हाक वेगळी निघे. इथे काहीच टाकून देता येत नव्हते, कारण त्यातले कोणते माझ्यासाठी होते तेच कळत नव्हते. माझे नावसुद्धा ओळखू येईना. पोलिश भाषेला सात विभक्ती, आणि त्या परक्याच्या नावालाही सोडत नाहीत. मी कधी ‘सुनीला’ होई, कधी ‘सुनीलोवी’, कधी ‘सुनीलेम’. हाक मारायची तर ‘सुनीलू’! वाक्याच्या मध्यात असे काहीतरी ऐकू येई, मागून हशा उठे, आणि तो हशा माझ्यावर की दुसऱ्या कशावर, ह्या विचारात पाच मिनिटे जात. सहा महिन्यांनी नोकरी पक्की व्हायची की नाही ते ठरणार होते. इकडे धाकटीच्या बी.एड.ची फी माझ्या पगारावर होती. एकेक पान तीनतीनदा तपासून मी सगळ्यांच्या शेवटी घरी जाई.

काहीजण कानांवर झाकणे लावून बसत. मीही लावून पाहिली. शांतता झाली खरी, पण तिच्यात मला वडील दिसू लागले. सव्वीस वर्षे त्यांनी जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये काढली. भंगार वितळवायचे, त्याचे ठोकळे ओतायचे आणि ते लालबुंद ठोकळे रुळांतून दाबून सळया काढायच्या, असे ते काम. कानांत कापसाचे बोळे हाच काय तो बंदोबस्त. कान गेले ते हळूहळू गेले. अशा गोंगाटाने आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, फ ही व्यंजने आधी विरतात आणि स्वर तेवढे उरतात. त्यामुळे समोरचा बोलतो आहे हे कळते, काय बोलतो ते कळत नाही. पोलिश तर सगळी स, श आणि च यांवरच उभी आहे. मला वाटे, आता मी वडिलांच्याच जागी बसलो आहे. झाकणे काढून ठेवली आणि शनिवारी भाषेच्या वर्गाला जाऊ लागलो.

भाषा समजू लागल्यावर गोंगाट कमी झाला नाही. मात्र त्याची माणसे झाली. डाव्या हाताचा आवाज घरभाड्याने गांजलेला होता, उजव्या हाताच्याला मुलगा परीक्षेला बसायचा होता. ‘नियेबो’ म्हणजे आपले नभ, ‘ओग्येन’ म्हणजे अग्नी, असे शब्द मधूनच ओळखीचे हसत. आमचे संस्कृतचे सर असते तर हरखून गेले असते.

हिवाळ्यात पोलंडचे घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असते. वडील नऊला झोपतात, म्हणजे तिथे साडेचार, मी कचेरीतच. फोन तेव्हाच करावा लागे, आणि ओरडून करावा लागे. ‘बाबा, गोळ्या घेतल्या का? गोळ्या!’ एकदा जिन्यात जागा नव्हती म्हणून खिडकीशी उभा राहून असाच ओरडलो. फोन ठेवला तर सारा दिवाणखाना चिडीचूप. आमच्यातली सर्वांत मोठ्या आवाजाची बाई उठून आली आणि घरी काही वाईट घडले का, असे विचारू लागली. मी मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये रोलिंग मिल सांगितली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘माझे वडील नोव्हा हुतामध्ये होते.’

नोव्हा हुता म्हणजे नवी पोलादभट्टी. क्राकुफच्या कडेला १९४९ पासून हे अख्खे नगर पोलाद कारखान्यासाठी वसवले गेले. लोखंड वितळवणारी तिथली झोतभट्टी २०२० मध्ये कायमची बंद झाली. तिच्या वडिलांचे कान मात्र त्याआधीच गेले होते. लहानपणापासून घरात ओरडूनच बोलायचे, त्यामुळे हळू बोलणे तिच्या अंगवळणी पडलेच नाही. सहा महिने मी ज्या आवाजावर चरफडत होतो, तो असा भट्टीपाशी घडलेला होता.

तिने मला एक युक्तीही सांगितली. ओरडू नको, आवाज खालच्या पट्टीत आण आणि एकेक शब्द सुटा कर. ओरडले की आवाज वर चढतो, आणि वरचेच तर त्यांना ऐकू येत नाही. तेव्हापासून मी तसे बोलू लागलो. बरे जमते, पूर्ण नाही.

परवा मी फोनवर असताना ती जवळून गेली. मी शिकवलेला ‘नमस्कार’ तिने आपल्या खर्जातल्या दणदणीत आवाजात फोनमध्ये म्हटला. पलीकडून एरवीचे ‘काय?’ आले नाही. वडील लगेच ‘नमस्कार, नमस्कार’ म्हणाले, आणि थोडे थांबून मला म्हणाले, ‘ही कोण रे? हिचं बोलणं कसं नीट ऐकू येतं!’