टोळी म्हणावं की कूळ

फ्रॉस्टवुल्फ ही ऑर्कांची एक टोळी. एवढं वाक्य लिहिलं की मला ते खोडावंसं वाटतं. मूळ शब्द ‘क्लॅन’. तो इंग्रजीत स्कॉटलंडच्या गेलिकमधून आला, आणि तिथे त्याचा अर्थ मुलंबाळं. मराठीत टोळी म्हटलं की दरोडेखोर दिसतात, नाहीतर टोळधाड. कूळ म्हटलं की कुळाचार, कुलदैवत आणि मागोमाग कूळकायदाही. जमात हा शब्द त्यातल्या त्यात बरा, पण त्याच्यामागे 1871 चा कायदा उभा आहे. इंग्रज सरकारनं त्या कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. पुढे त्यातल्या अनेकांना तारेच्या कुंपणात कोंडलं. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हा शब्द त्या कुंपणाची खूण म्हणून अजून लोकांच्या तोंडात आहे. कायदा जायला 1952 उजाडावं लागलं. हिरव्या कातडीच्या, सुळेवाल्या, पूर्णपणे काल्पनिक लोकांसाठी शब्द शोधताना एवढं सगळं अंगावर येतं.

हे ऑर्क ‘वॉरक्राफ्ट’ या संगणकावरच्या खेळातले. पहिला खेळ 1994 सालचा. त्यात ऑर्क म्हणजे दुसऱ्या जगातून चालून आलेलं संकट, यापलीकडे त्यांना फारसं मन नव्हतं. ते मिळालं 2001 साली, क्रिस्टी गोल्डन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द क्लॅन्स’ या कादंबरीत. ही गोष्ट आधी एका खेळासाठी रचलेली होती. तो खेळ 1998 मध्ये रद्द झाला आणि गोष्ट पुस्तकात आली. माझा तेरा वर्षांचा मुलगा ती तीनदा वाचून बसलाय. मी वाचली ती त्याच्यामुळे, आणि मग 2006 ची ‘राइज ऑफ द होर्ड’ मात्र स्वतःच्या हौसेनं.

ऑर्क हा शब्द टॉल्किनकडून आला हे सर्वांना माहीत असतं. टॉल्किननं तो जुन्या इंग्रजीतून घेतला. एम.ए.ला ‘बेवुल्फ’ शिकताना एका यादीपाशी आम्ही थबकलो होतो: देवानं हाकललेल्या केनच्या वंशात कोणकोण निपजलं त्याची ती यादी, आणि त्यात ‘ऑर्क’शी नातं सांगणारा एक शब्द आहे. म्हणजे हद्दपारी या शब्दाला पहिल्यापासूनच चिकटलेली आहे.

फ्रॉस्टवुल्फांची हद्दपारी मात्र देवाकडून आलेली नाही. ड्युरोटन त्यांचा नायक, ड्राका त्याची बायको. द्रेनोर नावाच्या जगात ऑर्कांची अनेक कुळं आपापल्या मुलखात राहायची, शिकार करायची, वर्षातून दोनदा एकत्र जमायची. गुलदान नावाचा मांत्रिक त्यांना शेजारच्या द्रेनाई लोकांविरुद्ध उठवतो आणि शेवटी सगळ्या नायकांपुढे एका राक्षसाच्या रक्ताचा प्याला धरतो. पिणाऱ्याला अफाट बळ मिळतं आणि तो कायमचा गुलाम होतो. ड्युरोटन पीत नाही, कुळालाही पिऊ देत नाही. पुढे दुसऱ्या जगावर स्वारी होते तेव्हा या नकाराची शिक्षा म्हणून फ्रॉस्टवुल्फांना अल्टेरॅकच्या बर्फाळ डोंगरात घालवून दिलं जातं.

एवढंच असतं तर तो शाळेच्या पुस्तकातला धडा झाला असता. पण नकाराच्या आधी ड्युरोटननं काय केलंय ते बघा. लहानपणी तो आणि त्याचा मित्र ऑर्ग्रिम संकटात सापडतात, तेव्हा द्रेनाई त्यांना वाचवतात आणि आपल्या टेल्मोर शहरात पाहुणे म्हणून नेतात. ते शहर मंत्रानं झाकलेलं असतं; त्यांचा म्होरक्या पोरांसमोरच मंत्राचे शब्द उच्चारतो आणि शहर दिसू लागतं. पोरगा शब्द लक्षात ठेवतो. मोठेपणी युद्धाचा हुकूम येतो, ड्युरोटन फौज घेऊन त्याच जागी उभा राहतो आणि तेच शब्द उच्चारून शहर उघडतो. पुढे कत्तल होते.

मी पंचवीसेक वर्षं दुसऱ्यांच्या भाषा शिकून त्यांच्या घरात शिरते आहे. ही चार पानं वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं, दोन दिवस उघडलं नाही. मुलाला लढाया आवडतात. मला वाटतं या लेखिकेला युद्धाबद्दल जे कळलंय ते सगळं टेल्मोरच्या दाराशी आहे. प्याला नाकारणारा माणूस स्वच्छ हातांचा नाही. आणि रक्त न पिऊनही फ्रॉस्टवुल्फांची कातडी हिरवी पडतेच, कारण ती काळी विद्या हवेतच भरलेली असते.

डोंगरात त्यांचं जे जगणं उरतं त्याला योद्ध्यांची संस्कृती म्हणतात. म्हणायला हरकत नाही, पण त्यातला लढाईचा भाग मला सगळ्यात कमी रंजक वाटतो. पांढरे लांडगे त्यांच्या सोबत असतात, पण त्यांना कुणी पाळत नाही. लांडगा आपणहून येतो आणि माणूस निवडतो. (माणूस नव्हे, ऑर्क. मराठी वाक्य दर वेळी मला या खड्ड्यात ढकलतं.) आंधळा ड्रेकथार त्यांचा शामन. भूमी, वायू, अग्नी, जल यांच्याकडे तो मागणं मागतो, आज्ञा करत नाही. गुलदानच्या विद्येत आणि त्याच्या विद्येत फरक एवढाच. आपण पंचमहाभूतं म्हणून मोकळे होणार, तर पाचवं आकाश नाहीच. पाचवं आहे रान.

मागच्या पावसाळ्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाचन बंद, टीव्ही बंद. आम्ही हैदराबादला, ती मूळची नांदेडची. आजीला गोष्ट सांगायची जबाबदारी नातवानं घेतली. अर्धी गोष्ट इंग्रजीत, उरलेल्या अर्ध्यात क्रियापदं तेवढी मराठी, आणि मी मध्ये दुभाषी. गुलदानचं नाव निघालं तशी आई हसत सुटली. निजामाच्या राज्यात जन्मलेल्या बाईला गुलदान म्हणजे फुलदाणीच. पुढे दोन आठवडे आमच्या घरात तो क्रूर मांत्रिक फुलदाणी या नावानं वावरला.

‘होर्ड’ला काय म्हणायचं हा प्रश्न उर्दूनंच सोडवला, किंवा अवघड केला. होर्ड आणि उर्दू एकाच तुर्की शब्दाची लेकरं: ओर्दू, म्हणजे लष्कराची छावणी. युद्ध हरल्यावर माणसं ऑर्कांना कोंडवाड्यात ठेवतात. रक्ताची नशा उतरलेली, डोळे विझलेले ऑर्क भिंतींना टेकून नुसते बसून असतात. त्या कोंडवाड्यालाही मराठीत छावणीच म्हणावं लागतं. होर्ड म्हणजे छावणी, आणि होर्डचा तुरुंगही छावणी. इंग्रजी वाचकाला हे कधी दिसणार नाही.

ड्युरोटन आणि ड्राका मारेकऱ्यांच्या हातून मरतात. उघड्यावर पडलेलं तान्हं ब्लॅकमूर नावाच्या सरदाराला सापडतं. त्याच्या अंगावर लांडग्याचं चिन्ह असलेलं दुपटं असतं. मुलानं दुपटं म्हणजे काय विचारलं, तेव्हा कपाटातून त्याचं स्वतःचं काढून दाखवलं, आजीनं जुन्या लुगड्याचं शिवलेलं. त्याला ते फारच लहान वाटलं.

ब्लॅकमूर पोराचं नाव ठेवतो थ्रॉल. जुन्या नॉर्समधून आलेला शब्द, अर्थ गुलाम. मी दास करून पाहिलं. पण आपल्याकडे दास म्हटलं की रामदास, तुळशीदास, हात आपोआप जोडले जातात. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं गोएल. हिब्रूत गोएल म्हणजे कुळातल्या माणसाला सोडवून आणणारा नातलग. दोन्ही नावं मी तशीच ठेवली.

आखाड्यात लढायला शिकवलेला थ्रॉल माणसांची भाषा बोलतो. ऑर्कांची त्याला येत नाही. लहानपणी एकदा एक कैदी ऑर्क पहारा तोडून ओरडत त्याच्या दिशेनं धावत येतो, आणि सैनिक त्याला तिथेच मारतात. पोराला सांगतात, तो तुझ्यावर धावून येत होता. तोही तेच मानतो. कित्येक वर्षांनी तो पळून जातो, आपल्या लोकांत पोचतो, भाषा शिकतो, आणि कानात राहिलेले ते आवाज कुणाला तरी विचारतो. त्या ऑर्कनं त्याला पळून जायला सांगितलं होतं, आणि तुला मी सांभाळतो असं म्हटलं होतं.

इथे आईनं मला थांबवलं. तो बाळा म्हणाला असेल ना, तिनं विचारलं. मी म्हटलं, मूळ वाक्यात तसं काही नाही. ती म्हणाली, अनोळखी लेकराला कुणी नुसतं पळ म्हणतं का? मुलानं पुस्तक काढून तपासलं. नव्हतंच. मग बराच वेळ दोघांची हुज्जत चालली: त्याचं म्हणणं, ऑर्क असं बोलत नाहीत, तिचं म्हणणं, तुला काय माहीत, तुला कुठे त्यांची भाषा येते.

माझ्या वहीत त्या ओळीचे आठ खर्डे आहेत. त्यातल्या पाचांत बाळा आहे.