कढीपत्त्यावरच्या पाच जणी

सकाळी फोडणीसाठी कढीपत्ता तोडायला गॅलरीत गेले, तर कुंडीत नुसते देठ. त्यांवर पाच हिरव्यागार अळ्या, जेवून सुस्तावलेल्या. एकीला काडीने डिवचलं. तिने डोक्यामागून नारिंगी दुशिंगी बाहेर काढली आणि असा काही वास सोडला की मीच मागे सरले. लिंबावरच्या फुलपाखराची पोरं ही.

मारवेना. उचलून शेजारच्या जास्वंदीवर ठेवल्या. पानं कशी लुसलुशीत! पण संध्याकाळपर्यंत एकीनेही घास घेतला नाही.

अळीला दिसतं जेमतेम. भिस्त सगळी चवीवर. तोंडाशी दोन्ही बाजूंना दोन-दोन बारीक सुळके, प्रत्येकात चव घेणाऱ्या चार पेशी. कुणी साखरेला दाद देते, कुणी कडवटाला ‘नको’ म्हणते. एवढ्याशा भांडवलावर अख्ख्या बागेचा निवाडा!

1910 साली अ‍ॅमस्टरडॅमच्या वनस्पतिशास्त्रज्ञ एदुआर्द फर्शाफेल्ट यांनी कोबीवरच्या अळ्यांना त्या एरवी शिवणारही नाहीत अशी पानं दिली, फक्त वर कोबीतलं सिनिग्रिन हे द्रव्य चोपडून. अळ्यांनी ती खाल्ली. सिनिग्रिन आपल्या मोहरीतही असतं. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात झिणझिण्या येतात, त्या त्याच्यापासून सुटणाऱ्या तेलामुळे. किडे फिरकू नयेत म्हणून झाडाने बाळगलेलं हे हत्यार, आणि कोबीच्या अळीने तीच घरावरची पाटी समजून आत पाऊल टाकलं. हसू नये म्हणा. मोहरी, मिरची, हिंग, कढीपत्ता: झाडांची हत्यारं गोळा करून तेलात तडतडवणारे आपण, आणि फोडणी जमली नाही तर आमटीला नावं ठेवणारेही आपणच.

दुसऱ्या दिवशी लिंबाची डहाळी आणली. पहिली अळी पानाच्या कडेशी घुटमळली, तोंड टेकवलं आणि कुरतडायला लागली. मग मला खोडी सुचली. आईच्या पूजेच्या परडीतलं बेलाचं एक पान पळवून पुढे ठेवलं. तेही चाललं! कढीपत्ता, लिंबू, बेल एकाच कुळातले, हे मी पुस्तकात वाचलेलं. स्वयंपाकघरात आणि देवघरात मात्र हे नातं कधी ध्यानात आलं नव्हतं.

आई मागे येऊन उभी होती. ‘‘देवाच्या बेलाला तोंड लावलंन् मेलीने,’’ ती म्हणाली. मग परडी घेऊन खाली बसली, देवासाठी अखंड त्रिदळं निवडली आणि फाटकी, डागाळलेली तेवढी माझ्यापुढे सरकवली.