नव्या मोटारसायकलचे पहिले ऑइल

नव्या मोटारसायकलचे पहिले ऑइल बहुतेक कंपन्या ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगतात. या काळात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर आणि गिअरचे दाते एकमेकांवर बसत असतात. त्या घासणीतून निघणारी धातूची बारीक पूड ऑइलमध्ये उतरते. प्रस्तुत लेखकाच्या १२५ सीसी गाडीचे ऑइल पालघर जिल्ह्यातल्या बोईसरमध्ये सोडले, तेव्हा त्यावर उन्हात चंदेरी झाक स्पष्ट दिसत होती. नव्या इंजिनात ती दिसणारच.

पहिल्या सर्व्हिसची मजुरी सहसा फुकट असते, ऑइलचे पैसे मात्र लागतात. त्यामुळे कोणते ऑइल घालायचे हा प्रश्न ग्राहकापुढे खरोखर येतो. बोईसरच्या मेस्त्रीचे म्हणणे होते, ‘इथली गरमी बघता २०डब्ल्यू-५० टाका.’ गाडीच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० लिहिलेले होते.

यातला डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा असतो. १०डब्ल्यूची चाचणी उणे २५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना. पालघर किनारपट्टीचा जिल्हा. इथला हिवाळा त्या चाचण्यांच्या आसपासही फिरकत नाही. म्हणजे हा आकडा इथे जवळपास बिनकामाचा. दुसरा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा. त्या तापमानाला ३० ग्रेडचे ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स भरते, ५० ग्रेडचे १६.३ ते २१.९. तापलेल्या इंजिनातले ऑइल बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गरम असते आणि आतल्या फटी, पंप व वाहिन्या ठरावीक दाटपणा धरूनच आखलेल्या असतात. पुस्तिकेने परवानगी दिली नसेल तर जाड ऑइल घालून संरक्षण वाढतेच असे नाही. इंजिन जड फिरते आणि पेट्रोल जास्त जाते. लेखकाने १०डब्ल्यू-३०च घेतले. मेस्त्रीचा अनुभव मोठा, पण त्यातला बराचसा जुन्या, झिजलेल्या इंजिनांचा असतो आणि तिथे जाड ऑइलने आवाज दबतो, हेही खरे.

ग्रेडइतकेच महत्त्वाचे, पण डब्यावर कोपऱ्यात छापलेले असते ते जासो हे जपानी मानक. १९९८ साली ते आले. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. क्लच प्लेट पकड धरायला घर्षण हवेच. मोटारीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. त्यांनी क्लच घसरू लागतो, म्हणजे इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही. म्हणून डब्यावर जासोचे ‘एमए’ किंवा ‘एमए२’ पाहावे. ‘एमबी’ हे कमी घर्षणाचे ऑइल मुख्यतः ऑइलबाहेर क्लच असलेल्या स्कूटरसाठी असते. पुस्तिकेतच ते सांगितले असेल तर गोष्ट वेगळी.

सिंथेटिक घातले तर रिंगा नीट बसत नाहीत, असा समज दुकानोदुकानी ऐकू येतो. अनेक आधुनिक इंजिने कारखान्यातूनच सिंथेटिक ऑइल भरून येतात, तेव्हा हा नियम सरसकट लावता येत नाही. पण पहिले ऑइल लवकरच बदलायचे असते, म्हणून पुस्तिकेने मागितले नसेल तर त्यावर जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही. सीलबंद डबा आपल्यासमोर उघडून घ्यावा आणि रिकामा झाल्यावर भोक पाडूनच टाकावा. पुन्हा भरून विकण्याचा धंदा चालतो. बिल वॉरंटीसाठी जपावे.

ऑइल गाडी थोडी चालवून, कोमट असताना सोडावे, म्हणजे पूडही वाहून जाते. ड्रेन बोल्टचा वायसर नवा घालावा. फिल्टर किंवा जाळी असेल तीही पाहावी. निघालेले ऑइल चेनला लावायची पद्धत आहे. त्यात धातूची पूड असल्याने ही पद्धत मोडावी, आणि गटारात तर ते ओतूच नये. ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे जायला हवे.

पुढचे ऑइल कधी बदलायचे, हे मात्र इथल्या वापरावरही अवलंबून असते. तारापूर एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्यांची फेरी बहुधा दोन-चार किलोमीटरची. इंजिन पुरते तापायच्या आत गाडी बंद होते, आत साचलेली वाफ उडून जात नाही. अशा गाडीचे ऑइल किलोमीटर पूर्ण होण्याआधी, पुस्तिकेत दिलेल्या महिन्यांप्रमाणे बदलावे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर ऑइल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. मग गाडी न चालवता ते लगेच बदलावे. पातळी तपासताना गाडी सपाट जागेवर, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे उभी करावी. बहुतेक गाड्यांत ती मेन स्टँडवर किंवा सरळ धरून पाहतात. साइड स्टँडवर पातळी चुकीची दिसते.