धनागोदेच्या काठी

ढाक्याच्या आग्नेयेस सुमारे 55 किलोमीटरांवर, धनागोदा नदीच्या काठी मतलब हे गाव आहे. नाव आपल्या कानांना स्वार्थी वाटते. कीर्ती नेमकी उलट. 1963 साली येथे पटकीच्या रोग्यांसाठी दवाखाना निघाला, तोही नदीत नांगरलेल्या तराफ्यावर! आता तो काठावर पक्क्या इमारतीत आहे.

खाटेला मधोमध भोक आणि खाली बादली. अंगातून किती पाणी गेले ते बादली सांगते. तेवढे परत पोटात घालावयाचे. एक आई मांडीवरील मुलाला चमच्याचमच्याने द्रावण पाजीत होती. मूल ओकले की ती क्षणभर थांबे आणि पुन्हा चमचा उचली. बऱ्याच वेळाने ते रडले, तेव्हा डोळ्यांतून पाणी आले. सुकलेल्या मुलाला अश्रूही येत नाहीत, हे मला तेथे कळले. जुलाबात मुलाचे पाणी तोडण्याची रीत आमच्याही घरी होती. आजीचे एक मूल त्यातच गेले.

1968 साली ढाक्यात नॅलिन आणि कॅश या डॉक्टरांनी या द्रावणाचा गुण सिद्ध केला. पुढे 1980 ते 1990 या काळात 'ब्रॅक' संस्थेच्या स्त्रियांनी घरोघर हिंडून एक कोटीहून अधिक घरांतील आयांना तो पाठ शिकविला: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकविणारीचा मेहनताना आईच्या किती लक्षात राहिले यावर ठरे!

घाटावर एका आजीबाईंना दुभाष्याकरवी विचारले. त्यांनी तीन बोटे जुळवून दाखविली आणि मग कोणता गूळ चांगला, यावर बराच वेळ बोलत राहिल्या.