काळ्या जमिनीचा काळा

लेन्सचं कोटिंग कसं आहे हे पाहायचं, तर नोव्हेंबरातल्या कपाशीच्या शेतात जावं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ते शोधावं लागत नाही. उन्हं कलली की सूर्याकडे तोंड करून कॅमेरा धरायचा. समोर फुटलेली बोंडं, खाली काळी जमीन, मधे ओटीत कापूस भरणाऱ्या बाया. पांढरं कुठलीही लेन्स दाखवते. जमीन काळी राहते का, तेवढं बघायचं.

साध्या काचेच्या दर पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. झूम लेन्समध्ये असे २० पृष्ठभाग धरले, तर निम्म्याहून कमी प्रकाश पार होईल. उजेड घटला तर शटर मंद करता येतं, त्याचं काही नाही. परत फिरलेला प्रकाश आतल्या भिंगांवर आपटत राहतो आणि त्यातला थोडा अखेर सेन्सरवर पसरतो, ही खरी पंचाईत. बोंडांत तो कळतही नाही. जमीन मात्र राखाडी होते, आणि लाल लुगडं वरणात पाणी वाढवावं तसं फिकं पडतं.

१९३५ साली झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्मकुला यांनी यावर तोड काढली: निर्वातात काचेवर चढवलेला, तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याचा थर. त्याच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात. पण एक थर एकाच रंगाला नेमका लागू पडतो. हिरव्याला धरून बसवला की लाल-निळं थोडं परततंच. म्हणून जुनी लेन्स तिरपी धरली की जांभळी झाक मारते. १९७१ पासून पेंटॅक्सच्या लेन्सवर अनेक थर आले, मग इतरांच्याही.

तरी हळदीच्या फोटोंना मी एकेरी कोटिंगची जुनी हेलिओसच लावतो. मे महिन्यातल्या दुपारी नवरीच्या डोळ्यांखाली पडणाऱ्या सावल्या ती जरा सैल करते. नव्या लेन्सला तो दयाळूपणा जमत नाही.

लोकांचं एक मात्र कळत नाही. लाखाची लेन्स घेऊन टिपेश्वरच्या अभयारण्यात येतात आणि तिच्यापुढे बिनकोटिंगचा स्वस्त यूव्ही फिल्टर चढवतात. पुढे दोन उघडे पृष्ठभाग आले, की मागचे सगळे थर काय करणार? वर दुपट्ट्यानं काच खसाखसा पुसायची. आधी ब्लोअर मारून धुळीचे कण उडवा, मग कापड लावा. जिप्सीत धूळ उडते, म्हणून फिल्टर मीही लावतो, चांगल्या कोटिंगचा. मावळतीच्या बाजूला वाघ निघाला, की तोही काढून खिशात टाकतो.