माळ्यावरची मांडणी



आमच्या माहुरात माळा लागतोच. नवरात्रात आणि दत्तजयंतीला गडावर जाणारे पाहुणे घरी उतरतात. तेव्हा गाद्या, सतरंज्या, मोठी पातेली एकदम काढावी लागतात आणि उरलेलं वर्षभर ती वर पडून असतात. ढिगातली खालची सतरंजी ओढली की वरचं सगळं अंगावर. म्हणून यंदा वैशाखात माळ्यावर मांडणी करायचं ठरवलं.

"परिग्रहाची मर्यादा घेतलीस आणि कप्पे वाढवतेस?" हे म्हणाले. प्रश्न रास्त होता. जागा झाली की वस्तू येतात, हे कोणत्या बाईला माहीत नाही? पण ढिगात काय आहे हेच ठाऊक नसेल, तर मर्यादा पाळली जाते की नाही हे कळायचं कसं? माल न मोजता ताळेबंद जुळवायचा नाही, एवढं कॉमर्सने शिकवलंय. शिवाय वस्तू बघून उचलावी, बघून ठेवावी, ही आदाननिक्षेपण समिती. ती मुनींची खरी, पण तिचा लहानसा अंश आपल्यालाही पाळता येतो. अंधारात हात घातला तर खाली पाल आहे की झुरळ, काय दिसणार!

खर्च फारसा नाही. जुन्या घराच्या फडताळाच्या सागवानी फळ्या होत्याच. आपल्या किनवट-माहूर भागातलं पक्कं सागवान, वाळवी सहसा लागत नाही. भोकं असलेले लोखंडी अँगल भंगारवाल्याकडून वजनावर घेतले, कापून आणले, नट-बोल्टने जोडले. माळा अडीच फूट उंच, म्हणून दोनच कप्पे. खालची फळी चार बोटं वर, म्हणजे मऊ झाडणी आत जाते. भिंतीपासूनही दोन बोटं जागा सोडली. वाळवीची मातीची रेघ चढली तर वेळीच दिसते. पायांखाली फळीचे तुकडे, म्हणजे भार एका टोकावर येत नाही. जड भांडी भिंतीकडे, गाद्या पुढे. माळ्याची पुढची कड भिंतीबाहेर निघालेली असते, तिच्यावर वजन नकोच. पुठ्ठ्याची खोकी काढून टाकली, त्यांत झुरळं घर करतात. फळ्यांवर कागदही घातला नाही. पुढे औषध मारायची पाळी येऊ नये, म्हणून हा खटाटोप.

मोजदाद मात्र अवघड गेली. माझी भांडी मर्यादेतच होती, पण सासूबाईंची? त्या गेल्या, तेव्हापासून ती कुणाचीच नव्हती. हे म्हणाले, "आईची आहेत, तुझ्या व्रतात कशाला धरतेस?" मी धरली. घरात आहेत, किल्ली माझ्याकडे आहे, मग माझीच. पाच मोठी पातेली मंदिरात दिली. राहिलं तांब्याचं घंगाळ. ते उचलताना हात थांबला. लग्नानंतरची पहिली दिवाळी, त्यातलं कढत पाणी, सासूबाईंचा उटण्याचा हात. वन्संना फोन केला. त्या दुसऱ्याच दिवशी लातूरहून आल्या, घंगाळ मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या, काही बोलल्या नाहीत. जाताना बसमध्येही ते डिकीत ठेवू दिलं नाही.

आता वरचा अर्धा कप्पा मोकळा आहे. यांना तो पाहवत नाही. जुना टेबलफॅन घेऊन दोनदा स्टुलावर चढून झालंय. मी स्टूल स्वयंपाकघरात आणून ठेवलंय.

तुम्हाला करायची असेल तर पाऊस लागायच्या आत करा. आषाढात किडा-मुंगी वाढते, मग हलवाहलव नको वाटते.