सी, ९, ७

सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टिकटिक यायची. इंजिन तापलं की बंद. मला वाटलं, आपोआप बरी झाली. गाडीचे मालक, म्हणजे माझे शेजारी, हसले. म्हणाले, मॅनिफोल्डला तडा गेलाय. तापल्यावर लोखंड फुगतं आणि फट मिटते, एवढंच.

मी मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉइटच्या उत्तरेला. गाडी १९६७ची पाँटिअ‍ॅक जीटीओ, ६.६ लिटरचं व्ही-८ इंजिन. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या एका बाजूच्या चार सिलिंडरांतला जळका वायू गोळा करून एका पाइपात सोडणारा बिडाचा जाडजूड तुकडा. अनेकांनी तो काढून फेकला आणि नळ्यांचे हेडर बसवले, कारण त्यांनी ताकद वाढते. म्हणून मूळ तुकड्यांना आता मोल आलंय. आम्ही मात्र तो वाचवायचं ठरवलं.

बोल्ट सीझ झालेले. चार दिवस तेल सोडलं, तापवलं, गार केलं, पुन्हा तेल. तरी एक तुटलाच. त्याच्या थोटकावर नट वेल्ड करून तो फिरवून काढला, आटे वाचले. मग प्लास्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जरची ऋण तार मॅनिफोल्डला, धन तार भंगार लोखंडी पत्र्याला. स्टेनलेस स्टील तिथे वापरायचं नाही, विषारी क्रोमियम सुटतं. या पद्धतीत गंज निघतो, धातू झिजत नाही. ग्राइंडर मारला असता तर ओतीव आकडे पुसले गेले असते.

आकडे वर आले: सी, ९, ७. सी म्हणजे मार्च. ९ मार्च १९६७, गुरुवार. त्या दिवशी कुणीतरी हे बीड साच्यात ओतलं होतं.

कोल्हापूरला बाबांना व्हिडिओ कॉल केला. शिरोलीच्या फौंड्रीत त्यांनी तीस वर्षं मोल्डर म्हणून काढली. वाळू ठोकायची, कोअर बसवायचा, साचा बंद करायचा. इंजिनिअरिंगच्या प्रवेशअर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘खासगी नोकरी’ लिहिलं होतं. ‘मोल्डर’ लिहायची लाज वाटली. बाबांनी तो अर्ज वाचूनच सही केली होती.

बाबांनी फोन नाकाशी धरून तडा पाहिला.

“बीड हाय ते, पोलाद न्हवं. एकाच जागी तापवलंस की दुसरीकडं तडकतंय. सगळं सारखं तापव. जोडून झालं की कोरड्या वाळूत गाड. सकाळपर्यंत हात लावू नगंस.”

शेजाऱ्यांनाही हेच ठाऊक होतं, पण ते गप्प राहून ऐकत होते. भाषा कळत नव्हती, हातवारे कळत होते.

तडा पुढे सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, तडा खाचून घेतला, अख्खा तुकडा तापवला आणि निकेलच्या रॉडने थोडं थोडं जोडत गेलो. रात्रभर बादलीतल्या वाळूत. सकाळी बाहेर काढला तेव्हा वाळू अजून कोमट होती. बसायची बाजू मशीनवर सपाट करून घेतली. कारखान्यातून हे तुकडे उघडेच यायचे आणि लवकर गंजायचे. आम्ही बिडाच्या रंगाचा, उष्णता सोसणारा थर दिला. तडा जिथे होता तिथे बोट फिरवलं की उंचवटा लागतो. शेजारी म्हणाले, राहू दे.

गाडी सुरू करताना बाबांना फोनवर घेतलं. थंड इंजिन. ते कान देऊन ऐकत राहिले.

“टिकटिक न्हाई,” म्हणाले. मग विचारलं, “त्यो तारखेचा फोटू धाड की.”

तेव्हाच त्या अर्जाबद्दल बोलावं असं वाटलं. जमलं नाही. फोटो पाठवला.

दुसऱ्या दिवशी आईकडून कळलं, बाबांनी तो फौंड्रीतल्या जुन्या सोबत्यांच्या ग्रुपवर टाकलाय. खाली लिहिलंय : पोरानं बीड जोडलं.